जाळ्याचं सुतक

बातमी आली तेव्हा मी कुकरची रिंग शोधत होतो. गिऱ्हाईक समोर उभं, हातात जुनी रिंग, ‘हीच साइज द्या’ म्हणून हटून बसलेलं, आणि मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे उपसत होतो. खिशातला फोन थरथरला. क्लाराच्या भाचीचा निरोप होता, इंग्रजीत, अगदी थोडक्यात… मावशी गेली, शेवटी फार त्रास झाला नाही, तुमच्या घराची आठवण काढायची. मी स्टुलावरच उभं राहून तो वाचला, फोन परत खिशात टाकला आणि रिंग शोधत राहिलो. सापडलीही. गिऱ्हाईक निघून गेल्यावर लक्षात आलं की भलतीच साइज दिली. दुसऱ्या दिवशी तो माणूस भांडायला आला तेव्हा मी त्याच्याशी इतक्या जोरात भांडलो, की शेजारचा कापडवाला मधे पडला. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, हे मी इथंच सांगून टाकतो. हा लेखही एका बैठकीत लिहिलेला नाही. दर दोन ओळींनी उठून मी जिन्यापर्यंत जाऊन येतो आहे.

क्लारा चेक देशातली. मासे आणि मासे धरणारी माणसं, दोघांच्याही नोंदी करणं हे तिचं आयुष्यभराचं काम. तरुण होती तेव्हा पहिल्यांदा कारंज्यात आली आणि मग पाऊस सरला की येतच राहिली, केस पांढरे झाले तरी. तिला इथं कोणी क्लारा म्हटलं नाही. आल्याबरोबर ती ‘कलाबाई’ झाली आणि नंतर नंतर फोनवरही स्वतःचं नाव तसंच सांगायला लागली. उतरायची आमच्याकडे, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत. आता मासे बघणारी बाई जैनाच्या घरी कशी उतरली, असं कोणीही विचारील. तर ती सरळसरळ आमची चूक होती. कारंज्यात परदेशी माणूस आला की तो मंदिरांसाठीच आला, असं आम्ही धरून चालतो. आमच्या मंदिरातलं लाकडावरचं कोरीवकाम बघायला लोक कुठून कुठून येतात. त्यामुळे ओळखीच्या एका प्राध्यापकांनी ‘एक परदेशी बाई अभ्यासाला येते आहे, खोली द्या’ म्हटल्यावर कसला अभ्यास, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आईनं खोली स्वतः धुऊन काढली. मंदिराचं काम करणारी बाई घरात राहणार म्हणून ती फार खुशीत होती.

आणि तीन-चार दिवसांत ही बाई संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखलात, अंगाला मासळीचा वास, अशी आमचा जिना चढायला लागली! आईनं तिला खालच्याच पायरीवर अडवलं. तेव्हा क्लाराला मराठी येत नव्हतं, मधे दुभाषा मी. आई मला विचारत होती, “इले विचार, हे मासे मारते का?” आणि क्लारा हात हलवून हलवून सांगत होती, मारत नाही, बघते. आईला ते काही पटेना. शेवटी क्लारा पायरीवर बसली आणि तिनं एक गोष्ट सांगितली. त्यांच्या देशाला समुद्र नाही. नाताळच्या आधी घरोघरी तळ्यातला जिवंत मासा आणतात, आपल्या रोहूच्या भाऊबंदांतला, आणि सणाच्या दिवसापर्यंत तो न्हाणीघरातल्या टबात ठेवतात. पोरं त्याच्याशी खेळतात, त्याला नाव ठेवतात, मग सणाला तोच ताटात येतो. एका वर्षी हिनं आणि हिच्या भावानं तो मासा बादलीत घालून नदीवर नेला आणि सोडून दिला. वडिलांचा मार खाल्ला. आई ऐकत होती. ऐकून झाल्यावर मला म्हणाली, “पोरगी सोडणारी हाय. राहू दे.”

पण अटी घातल्या. घरात मासा येणार नाही, मेलेला नाही आणि जिता तर नाहीच. मागच्या नळावर आंघोळ केल्याशिवाय जिना चढायचा नाही. आणि या घराच्या छपराखाली राहून मासा मारायचा नाही. क्लारानं सगळं मान्य केलं आणि माझ्याच दुकानातून एक मोठं स्टीलचं घमेलं विकत घेतलं. काठावर ते पाण्यानं भरायचं, जाळ्यात आलेला मासा त्यात सोडायचा, समोर उकिडवं बसून त्याचं चित्र काढायचं, खवल्यान् खवला, आणि चित्र झालं की मासा परत पाण्यात. तिच्या क्षेत्रातले लोक मासा औषधात बुडवून बरणीत ठेवतात म्हणे. बरणी नाही तर पुरावा नाही, असं तिला तिकडे पुष्कळांनी सुनावलं. तिनं बरण्या कधी घेतल्या नाहीत, मी सवलतीत देतो म्हटलं तरी.

चित्रांवरूनही आमच्या घरात एक वाद झालाच. चित्रातला मासा घरात चालतो का? आई दिवसभर विचार करत होती. संध्याकाळी निकाल दिला, चालतो, पण फाडायचा नाही. आमच्यात पिठाचा केलेला प्राणीसुद्धा कोणी कापत नाही. हात मारायला उचलला की समोर पीठ आहे की मांस, हा प्रश्न उरत नाही. म्हणून बिघडलेलं चित्रही फाडायचं नाही, चुलीत घालायचं नाही. क्लाराला हे इतकं आवडलं, की तिनं ती अट तिच्या देशातल्या लोकांनाही सांगितली. परिणाम असा की खोलीत चित्रांचा ढीग होत गेला. पुरी झालेली कमी आणि अर्धवट फार. कुठे नुसतं डोकं, कुठे शेपटी नाही, कुठे एका बाजूचेच खवले. मी वैतागायचो, “कलाबाई, एक तं पुरं कर!” ती हसायची.

मराठी ती रुखमाकडून शिकली. रुखमा कामरगावची, भोई. धनजच्या रस्त्याला जो जुना तलाव आहे तिथं तिचा नवरा जाळं फेकायचा आणि ही टोपलं घेऊन बाजारात बसायची. बायका सहसा फेकजाळं हाती घेत नाहीत, पण नवरा गेल्यावर रुखमानं घेतलं. आवाज असा की तलावाच्या या काठावरून शिवी दिली तर त्या काठावरच्या म्हशी उठतील. क्लाराला माशांची नावं सांगताना ती मनाला येईल ते सांगायची, दुसऱ्या दिवशी बदलायची, आणि क्लारानं पकडलं की उलट तिच्यावरच ओरडायची, “काल तो लहान होता तं वेगळं नाव, आज मोठा झाला!” त्या दोघी दिवसदिवस भांडत. मरळ पिलं कशी राखते, वाम चिखलात कुठे दडते, जाळं ओढताना कोणतं गाणं म्हणतात, कोणत्या दिवशी पाण्याला हळदकुंकू वाहतात… सगळ्या नोंदी अशाच भांडणांतून झाल्या. आणि क्लारा काठावर बसून राहणारी नव्हती. तिच्या पायाला भिंगरी. रुखमाबरोबर पाण्यात उतरायची, जाळं ओढायची, पुढे पुढे स्वतः फेकायलाही शिकली. तिनं ओढलेल्या जाळ्यातले मासे पुढे बाजारात जातात, हे आईला कळत नव्हतं असं नाही. त्या प्रश्नाला आईनं कधी हात घातला नाही.

रुखमाचा नवरा वारला त्या वर्षी क्लारा इथंच होती. एक दिवस मागच्या नळावरची आंघोळ उरकून ओल्या केसांनीच आईजवळ पायरीवर येऊन बसली. “आई, तुमाले माहीत हाय का? जाळ्याले बी सुतक असते.” भोयांच्या त्या वस्तीत अशी रीत आहे, की ज्याचा हात जाळ्याला लागलेला आहे असं माणूस गेलं, की ते जाळं पाण्यात जात नाही. झाडाला टांगून ठेवतात. सुतक फिटायचं तर गेलेल्याच्या घरच्या माणसाला यावं लागतं. त्याच्यासाठी जाळं एकदाच टाकायचं, जे येईल त्यातला एक मासा त्यानं आपल्या हातानं पाण्यात सोडायचा, बाकीचेही मग सोडून देतात. तिथून जाळं मोकळं. घरचं माणूस येत नाही तोवर जाळं तसंच टांगलेलं. आईला हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणाली, “हातानं सोडायचा? चांगलं हाय वं.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “अन् जाळं मोकळं झाल्यावर?” क्लारा पदराएवढा टॉवेल डोक्याला गुंडाळत म्हणाली, “मंग काय आई… मंग मासे मरतात.” मी तिथंच गल्ल्यावर बसलेलो होतो.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. बातमी आल्यावर बाजाराच्या दिवशी मी रुखमाला सांगायला गेलो. मासळीच्या गल्लीत मी सहसा जात नाही, कोपऱ्यावरून हाक मारतो. ती हात पुसत आली. मी सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला. तिचा आवाज गेलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग वळली, टोपल्यातला उरलेला माल शेजारणीच्या टोपल्यात ओतला, रिकामं टोपलं उचललं आणि एसटीकडे चालायला लागली. मला वाटलं, दुःखानं चालली आहे, येईल पुढच्या बाजाराला. पुढच्या बाजाराला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेजारीण म्हणाली, “थे आता सोयाबीन सोंगाले जाते, भाऊ.” रुखमा आणि सोयाबीनची कापणी? तिच्या गुडघ्यांचं मला माहीत होतं. क्लारा तिच्यासाठी तिकडून मलम आणायची. पाण्यात उभी असली की गुडघे दुखत नाहीत, असं रुखमाच सांगायची, जमिनीवर मात्र चार पावलं चालली की देव आठवतो.

मी जीपनं कामरगावला गेलो. रुखमा नुकतीच शेतातून आली होती, ओट्यावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यांना फडकी बांधलेली. आणि अंगणातल्या कडुलिंबाला जाळं टांगलेलं, कोरडं खडखडीत, खालच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या वाऱ्यानं एकमेकींवर आपटत होत्या. ते पाहिल्यावर मला ती पायरी, तो टॉवेल, सगळं एकदम आठवलं. पुढे काय येणार हेही मला कळलं.

“कलाबाईचा हात लागला हाय या जाळ्याले,” रुखमा म्हणाली. “तिचं सुतक हाय.”

“तिची भाची हाय तिकडं. तिले फोन लावून देतो मी. तिनं तठून काय ते म्हटलं तं नाई चालणार?”

“फोनवर मासा सुटते का, भाऊ? अन् तिचं घर कोणतं? एवढी वर्षं कोणाच्या घरी राह्यली थे? तुमच्या घरचं कोणी आलं तं जाळं सुटन. नाई तं राहू द्या टांगलेलं. मी काही म्हणत नाई.”

“मले काहून सांगितलं नाई मंग?”

“सांगाचं कायले? ज्याचं त्यानं आपल्या मनानं याले पाहिजे.”

ती भिंतीला धरून उठली. चहा दिला, मी तो घेतला आणि परत आलो. जीपमधे मी इतका चुळबुळत होतो की शेजारच्या माणसानं विचारलं, तब्येत बरी आहे ना. कशी असणार? आता मला साधी वाटणारी गोष्टच बघा. एक मासा हातानं पाण्यात सोडायचा. जीवदान. याहून मोठं पुण्य आमच्यात नाही. पर्युषणात आम्ही खाटकाकडून बकरे सोडवून आणतो. पण हा एक मासा मी सोडला की त्याच क्षणाला जाळं सुटणार, आणि त्यानंतर त्या जाळ्यात जे जे मरेल त्याला माझा हात लागलेला असणार. मी गेलो नाही तर तलावातले मासे सुखात आणि रुखमा त्या गुडघ्यांवर शेताच्या तासातून फरफटत. गेलो तर उलटं. नवं जाळं का घेत नाही, असंही मी मनात तिच्यावर चिडलो. पण क्लाराचा हात लागलेलं जाळं टाकून ती नवं घेणार नाही, हे मला माहीत होतं. मी क्लारावरही चिडलो. मंदिरं बघायला आली असती तर काय बिघडलं असतं?

पुढचे कितीतरी दिवस मी दुकानात नुसता येरझारा घालत होतो. झाकणं एका पातेल्याची, पातेलं दुसऱ्याच मापाचं, असं गिऱ्हाइकांना बांधून देत होतो. आई सगळं बघत होती. आता तिला ऐकू कमी येतं, दिसतं मात्र चांगलं. एक दिवस तिनं मला समोर बसवलं आणि विचारलं, “रुखमा बाजारात काहून नाई?” मी सांगून टाकलं. मला वाटत होतं की ती सांगेल, जा किंवा जाऊ नको. तिनं एकदा काय ते सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. पण आई म्हणाली, “मी काही सांगत नाई. हे पाप माह्या नावावर घेता आलं असतं तं घेतलं असतं, आता माहे राह्यले किती दिवस. पण तसं घेता येत नाई ना रे. ज्याचं त्याले.” मग बराच वेळ ती माळ ओढत राहिली. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाली, “तिचे गुडघे लय सुजले का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. वरच्या खोलीत जाऊन क्लाराचं घमेलं घेतलं. मागच्या खेपेला जाताना तिनं ते घासून पुसून खिडकीखाली पालथं घालून ठेवलं होतं. जिन्याच्या पायथ्याशी आई उभी होती. ‘कुठं’ विचारलं नाही. “नवकार म्हणून सोडजो,” एवढंच म्हणाली.

रुखमानं मला आणि घमेल्याला पाहिलं आणि लिंबावरचं जाळं उतरवलं. तलावापर्यंत ती पुढे, मी घमेलं घेऊन मागे. पाण्यात उतरल्यावर तिची चाल बदलली. जमिनीवर लंगडणारी बाई कमरेएवढ्या पाण्यात सरळ उभी राहिली. जाळं एका खांद्यावर, एक टोक दातात, एक गिरकी… आणि ते गोल उघडून पाण्यावर पडलं. ओढलं तेव्हा थोडे मासे होते. तिनं त्यातली एक मरळ उचलून माझ्या घमेल्यातल्या पाण्यात सोडली. माझं वय साठीकडे झुकलं, पण मी आजवर मासा हातात धरलेला नाही. पँट दुमडून पाण्यात उतरलो, घमेल्यात हात घातला. गार, बुळबुळीत आणि विलक्षण जोरकस. अंगठ्याखाली तिचे कल्ले भराभर उघडमिट करत होते. नवकार सुरू केला आणि मधेच अडखळलो, जो मंत्र मी लहानपणापासून झोपेतही म्हणतो तो. परत सुरुवात केली. पाण्याखाली हात नेऊन बोटं उघडली. मला वाटलं होतं ती सुळकन जाईल. गेली नाही. माझ्या तळव्यावरच थांबली, जणू तिलाही काही घाई नव्हती… आणि मग गेली. रुखमानं बाकीचे मासेही सोडून दिले.

“कलाबाई, झालं वं माय,” रुखमा पाण्याकडे पाहून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “भाऊ, आता तुमी जा. मांगं पाहू नका. तुमच्यात नाई चालत, मले माहीत हाय.”

मी बांध चढलो. अर्ध्यावर असताना मागे जाळं पाण्यावर पडल्याचा आवाज आला, शिशाच्या गोळ्यांचा, गार जमिनीवर मूठभर चिल्लर सांडावी तसा. मी मागे वळून पाहिलं. आपण जे मोकळं केलं ते निदान डोळ्यांनी बघावं, असं वाटलं. जाळं या वेळी भरलेलं आलं. मी तिथंच बांधावर बसलो आणि मला रडू फुटलं. क्लारासाठी रडलो, बातमी आल्यापासून पहिल्यांदा. त्यात जाळ्यातल्यांसाठी किती होतं, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही.

घरी आलो तर मागच्या नळाखाली बादली भरून ठेवलेली होती आणि दांडीवर टॉवेल. आईनंच ठेवला असणार. आंघोळ केल्याशिवाय जिना चढायचा नाही.

रुखमा आता बाजाराला येते, आवाज परत आला आहे, दोन गल्ल्या सोडूनही ऐकू येतो. तो आला की मला बरं वाटतं आणि लगेच हातातलं काम सुटतं. मी उठतो, वर खोलीत जातो. भाचीचा परत निरोप आला होता, तिकडच्या एका संग्रहालयाला मावशीची पूर्ण झालेली चित्रं हवी आहेत, ती पाठवा, अर्धवट आहेत ती टाकून द्या. पुरी झालेली मी बांधून ठेवली आहेत. बाकीची ढिगातून वेगळी करायला बसलो तेव्हा एक मरळ हाताशी आली. डोकं, कल्ले, पाठीवरचे पट्टे, आणि पुढे शेपटीच्या जागी कोरा कागद. कल्ल्यांच्या कडेला क्लारानं पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं, तिच्या त्या वाकड्या अक्षरात, ‘घाबरली. सोडली.’ मी दुसरं चित्र उचललं. तिथंही तेच, ‘सोडली.’ मग तिसरं. मी एवढी वर्षं तिला म्हणत होतो, एक तं पुरं कर. माझ्या अंगठ्याला ते कल्ले परत जाणवले, भराभर उघडमिटणारे… कल्ले असे धावायला लागले की ती पेन्सिल खाली ठेवत असणार.

ती सगळी चित्रं मी भिंतींवर लावली आहेत, खालपासून वरपर्यंत, डोकं असलेली, शेपटी नसलेली. पंखा लावला की सगळी एकदम हलतात. आई हल्ली जिना चढत नाही, तिला खालूनच कागदांचा आवाज येतो, कमी ऐकू येत असूनही. ती विचारते, “काय करून राह्यला रे वरतं?” मी म्हणतो, काही नाही. मग तिथंच उभा राहतो आणि पंखा आणखी थोडा वेळ चालू ठेवतो.